दुसरा कान

आमच्या टोळीत त्याला कानसेन म्हणत. पाणीखात्याची गळती शोधणारी टोळी होती ती. तो ऐकायचा, मी खोदायचो. गाणं त्याला कधी जमलं नाही, पण जमिनीखालचं पाणी त्याच्याशी बोलायचं. लोक असं म्हणायचे आणि तो नाही म्हणायचा नाही.

काम असं होतं. नळ रस्त्याखाली पुरुषभर खोल. कुठं फुटलाय ते वरून दिसत नाही, ओल भलतीकडेच वर येते. म्हणून ऐकायचं. दीड हात लांब लोखंडी सळई, वरच्या टोकाला लाकडी वाटी. खालचं टोक जमिनीवर टेकवायचं आणि वाटीला कान लावायचा. सांधा गळत असेल तर तापल्या तव्यावर थेंब पडावा तसं चुरचुरतं. नळ चिरला असेल तर लांब कुठं तरी कोणी धान्य पाखडत असल्यासारखं वाटतं. वाहतूक असली की काही ऐकू येत नाही, म्हणून हे काम सुट्टीच्या दिवशी करायचं. कारखाने बंद, दुकानांची दारं खाली, भर उन्हात रस्ता ओस आणि त्या रस्त्यावर हा एकटा डोळे मिटून सळईवर वाकलेला. नवखा माणूस बघून रस्ता बदलायचा.

नियम होता की एका कानावर खोदायचं नाही. पहिल्यानं ऐकायचं आणि जागा मुकादमाच्या कानात सांगायची. मग दुसऱ्यानं ऐकायचं आणि खडूनं खूण करायची. मुकादमानं ताडून बघायचं. जुळलं तर कुदळ. फुकटचा खड्डा म्हणजे चौघांची दिवसभराची कंबर, शिवाय तो बुजवायचा वेगळा. नियम चांगला होता. कानसेनसाठी तो हळूहळू मोडला. त्यानं बोट ठेवावं, आम्ही खोदावं आणि पाणी लागावं, असं वर्षानुवर्षं चाललं. पुढं पुढं त्याच्यामागून सळई लावणं म्हणजे त्याला तोंडावर खोटं पाडणं झालं. एका नव्या पोरानं एकदा लावली. कानसेन त्याच्याशी निवृत्त होईपर्यंत बोलला नाही.

नियमानं दुसरा कान त्यानंतर एकदाच लावला गेला, तो माझा; ऐकायला मीही शिकलो होतो. कारखान्यांच्या मागच्या गल्लीत. मुकादम नवा होता, नियमाचा पक्का. माझा खडू कानसेननं सांगितलेल्या जागेवरच पडला. आम्ही खोदलं. नळ कोरडा ठणठणीत. त्यावर एक जुना लोखंडी पट्टा आवळलेला, गंजून नळाशी एकजीव झालेला, आणि भोवतालची माती आतून धुऊन गेलेली, माणूस बसेल एवढी पोकळी. तिथं गळती होती, आमच्या आधी कोणी तरी ती बुजवली होती, आणि तो कोणी तरी केव्हाच गेला होता. कानसेन पोकळीत बराच वेळ बघत राहिला.

"वाजत होतं," एवढंच म्हणाला. तो विषय नंतर निघाला नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तरुणपणी तो चरात गाडला गेला होता. कड खचली. आम्ही फावडी टाकून हातांनी उकरलं, कारण फावडं लागलं असतं तर तो मातीतच चिरला असता. बाहेर काढला तेव्हा नळाच्या कडेनं मांडी उघडली होती. दवाखान्यात त्याला रक्त चढवलं. त्या काळी रक्त आजच्यासारखं तपासून मिळत नसे. मिळालं हीच मोठी गोष्ट. बरा झाल्यावर तो थट्टेनं म्हणायचा, "माझ्या अंगात दोन-चार अनोळखी पाहुणे आहेत. जेवायला मात्र मी एकटाच." एकदा मात्र थट्टा न करता म्हणाला, "आत असताना तुमचं उकरणं ऐकू येत होतं. आणि खालूनही कोणी तरी उकरत होतं."

दोघंही निवृत्त झालो. त्याला मोतीबिंदू झाला. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतात. तिथल्या एका पोरीनं बोटाला टोचून एक थेंब कार्डावर टाकला. एक रेघ उमटली तर कार्ड ठीक चाललंय. दुसरी उमटली तर शंका. त्याच्या कार्डावर दुसरी उमटली, फिकट, पण उमटली. हिपॅटायटिस सी. काविळीच्या जातीतला, पण गुपचूप राहणारा, वर्षानुवर्षं यकृत पोखरणारा. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, ही पहिली चाळणी आहे, शिरेतून रक्त देऊन दुसरी तपासणी करून या, मग डोळ्याची तारीख देतो. निकाल काहीही आला तरी ऑपरेशन होईलच, फक्त काय आहे ते कळू दे.

कानसेननं सगळं नीट ऐकून घेतलं, घरी आला आणि घरामागच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत जाऊन राहिला.

हे मला कळलं तेव्हा उन्हाळा संपत आला होता. वहिनी दुकानाच्या पायरीवर भेटल्या. मी विचारलं, "आहे कुठं तुमचा कानसेन? दिसत नाही."

"त्यांनाच दिसत नाही, भावोजी," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांवर साय आलीय. आणि माणूस कोंबडीसारखा खुराड्यात जाऊन बसलाय. ताट वेगळं, तांब्या वेगळा. मी उंबऱ्याच्या आत पाय टाकला की ओरडतात. संसार इतकी वर्षं केला, आता विटाळ पाळतात."

"दुसरी तपासणी?"

"करत नाहीत. कार्डवाल्या पोरीचा अपमान होईल म्हणतात."

त्या हसल्या आणि पिशवी उचलून चालू लागल्या.

मी लगेच गेलो. मोटारीची खोली म्हणजे घराच्या पाठीमागं एक विटांची कोंदट जागा. विंधन विहीर केव्हाच आटली होती, मोटार विकली होती, नळाचे तुकडे भंगारात गेले होते. राहिली होती एक लोखंडी खाट आणि भिंतीतलं एक बुजवलेलं भोक. खिडकी नाही. दारातून उजेड आत यायचा तो खाटेच्या पायापर्यंत, पुढं नाही. तो खाटेवर बसला होता. माझ्या पावलांवरून ओळखलं.

"खोद्या," तो म्हणाला. "तिथंच थांब."

"का? चावतोस?"

"रक्त खराब आहे माझं."

"रक्त आतच आहे ना? मग मला काय त्याचं?" मी आत गेलो आणि खाटेवर बसलो. तो भिंतीकडे सरकला. जवळून बघितला तर डोळ्यांच्या बाहुल्या दुधाळ झाल्या होत्या. माझ्याकडे तोंड होतं, पण बघत होता माझ्या कानाच्या बाजूला, जणू तिथं आणखी कोणी बसलं होतं.

"डॉक्टरांनी सांगितलंय ना, दुसऱ्यांदा तपास म्हणून?"

"एकदा सांगितलं ना तिनं? त्या पोरीचं रोजचं काम आहे ते. तिच्यामागून सळई लावायची म्हणजे तिला येत नाही असं म्हणायचं. त्या नव्या पोरानं माझ्यामागून लावली तेव्हा मी काय म्हणालो?"

काय म्हणाला ते मला माहीत होतं. काहीच नाही. निवृत्त होईपर्यंत.

"आणि मी ऑपरेशनला गेलो," तो पुढं म्हणाला, "तर माझं रक्त त्यांच्या हत्यारांना लागणार. त्याच हत्यारानं पुढच्याचा डोळा. नको. चराच्या वेळी मी कोणाचं तरी घेतलं. आता कोणाला द्यायचं नाही."

"हत्यारं उकळतात ती."

"पाहिलंस तू?"

दारात वहिनी येऊन उभ्या होत्या, उंबऱ्याच्या बाहेर. हातात पाण्याचा तांब्या. तो त्यांनी खाली ठेवला आणि पायानं आत सरकवला. त्या दोघांची ही आता सवय झाली होती हे बघून मला जास्त वाईट वाटलं.

"आणि तपासणी कशाला हवी?" कानसेन हळू आवाजात म्हणाला. "मी ऐकलंय त्याला."

खाटेखालून त्यानं सळई काढली. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं सगळ्यांना शाल दिली, यानं सळई मागून घेतली होती. "आडवं पडून वाटी कानाला लावायची, टोक पोटावर. बरगडीखाली वाजतं. पाखडल्यासारखं. थांबत नाही. आधी नव्हतं. कार्डानंतर मी लावून बघितली तर होतं."

"पोट आहे, वाजणारच."

"पोटाचा आवाज मला कळत नाही होय?"

त्यानं सळई मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाला, "तू माझा दुसरा कान हो. नियमानं. मी जागा हिच्या कानात सांगतो, ही मुकादम. तू ऐक, खडू मार. जुळलं नाही, तर तुम्ही म्हणाल तिथं येतो. जुळलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. इथंच राहीन, आंधळा तर आंधळा."

मी वहिनींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "चालेल." आवाज बदलला नव्हता, पण पदराचं टोक मुठीत होतं.

त्यानं त्यांना दाराशी बोलावून काहीतरी सांगितलं, तोंडावर फडकं धरून. मग बनियन नीट ओढून खाटेवर पाठ टेकून पडला. मी त्याच्या उशाचा खडू उचलला आणि सळई घेतली. ती माझ्या हातात कधी हलकी वाटली नाही, त्या दिवशी तर नाहीच. लबाडी करायची ठरवली असती तर सोपी होती. खडू वीतभर सरकवायचा आणि मित्र डोळस होऊन घरी. पण वाटीला कान लावला की हात आपोआप खरं बोलतो. आमच्या टोळीनं आयुष्यभर त्याचाच पगार घेतला.

डावीकडून सुरुवात केली. काही नाही. पोटाची नेहमीची गुरगुर. बेंबीच्या वर हृदयाचे ठोके, लांबून येणाऱ्या ट्रकसारखे. उजवीकडे सरकलो. बरगडीच्या काठाखाली टोक टेकलं आणि मला ते ऐकू आलं.

पाखडत होतं कोणी तरी. खूप लांब, बंद दारामागं, सावकाश. ठोक्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. मी श्वास रोखला, त्यालाही रोखायला सांगितला. आवाज तसाच. कामात गढून गेलेल्या माणसाचा आवाज. आम्ही ऐकतोय याचं त्याला काही नव्हतं.

मी खडूनं खूण केली.

"बघा, मुकादम," कानसेन छताकडे बघत म्हणाला.

वहिनींनी त्या दिवशी पहिल्यांदा उंबरा ओलांडला. वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"जुळलं," त्या म्हणाल्या.

तो हळूच भिंतीकडे वळला. झालं, असं त्याच्या पाठीवर लिहिलं होतं. मी उठून उभा राहिलो. मला त्या खोलीतून बाहेर जायचं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

"कारखान्यांच्या गल्लीत काय सापडलं होतं?" त्यांनी विचारलं.

त्याची पाठ ताठ झाली.

"तुम्ही मला कधी सांगितलं नाही, मुकादमाच्या बायकोनं सांगितलं. तिथंही दोन कान जुळले होते ना? मग काय मिळालं? गंजका पट्टा. पाणी कुठं होतं?"

"वाजत होतं," तो भिंतीला म्हणाला.

"वाजत होतं, मान्य. मी कुठं नाही म्हणते? पण होतं का पाणी? खोदलं तेव्हाच कळलं ना? मग खोदू दे त्यांना. सुईनं खोदतात, कंबर मोडायला लागत नाही कोणाची." मग म्हणाल्या, "आणि नसेल यायचं तर सांगा. मीही माझी गादी इथंच आणते. विटाळ तर आता झालाच आहे."

तो उठून बसला. पायानं चपला चाचपडल्या. उजवी डावीत घातली, मग बदलली.

तपासणीच्या जागी पोरगी तीच होती, कार्डवाली. शिरेतून रक्त घेताना कानसेन तिला म्हणाला, "तुझ्यावर अविश्वास नाही, पोरी."

"ठेवायलाच हवा, काका," ती म्हणाली. "म्हणून तर दुसरी तपासणी असते. मी तर मागच्या महिन्यापासून तुमची वाट बघतेय. राग होता का माझ्यावर?"

त्याला हे अगदी नवीन होतं. परतताना दोनदा म्हणाला, "वाट बघत होती म्हणते."

निकाल यायला काही दिवस गेले. त्या दिवसांत तो खोलीतच राहिला. दार मात्र उघडं ठेवू लागला. निकाल घ्यायला आम्ही तिघं गेलो. पोरगीनं कागद वाचला.

"विषाणू सापडला नाही."

"मग पहिलं खोटं?" वहिनींनी विचारलं.

"खोटं कसं म्हणू? कार्ड विषाणू बघतच नाही. विषाणूला अडवायला शरीर जे बनवतं ते बघतं. पहारेकरी म्हणा. चोर घरातून गेला तरी हे पहारेकरी उठत नाहीत, बहुतेक जन्मभर बसून राहतात. लागण झालेल्यांतले बरेच जण औषधाशिवाय आपोआप बरे होतात, त्यांना पत्ताही नसतो. पुढं कधी तपासलं की कार्डावर रेघ येते."

"म्हणजे माझ्यात तो येऊन गेला," कानसेन म्हणाला. "चराच्या वेळचं रक्त."

"असेल. किंवा कोणी आलंच नसेल. कार्ड कधी कधी भलत्यालाच पहारेकरी समजतं. एकही आजारी सुटू नये म्हणून ते जरा जास्तच संशयी बनवलेलं असतं."

"दोन्हींतलं माझं कुठलं?"

"ते या दोन तपासण्यांवरून मला नाही सांगता येणार, काका. आत्ता रक्तात तो नाही, एवढं सांगते. डॉक्टरांना वाटलं तर काही महिन्यांनी पुन्हा बघतील. आणि असता, तरी आता गोळ्या आहेत, बहुतेक सगळे बरे होतात. ताट वेगळं केलं होतं का?"

वहिनींनी मान डोलावली.

"ताटानं, तांब्यानं, जवळ बसण्यानं पसरत नाही तो. रक्तानंच पसरतो. दाढीचं पातं फक्त आपलं आपल्यापाशी."

वहिनींनी त्याच्याकडे असं बघितलं की मोतीबिंदू असूनही त्याला दिसलं असावं.

निघताना तो थांबला. "पोरी, उलटंही होतं का? तो आत आहे आणि कार्ड कोरं?"

"होतं. नुकताच शिरलेला असेल तर. पहारेकरी जमायला आठवडे लागतात, तोवर कार्डाला काही दिसत नाही."

बाकावर सात-आठ माणसं बसली होती, बोटाला कापूस दाबून. त्यानं आपले दुधाळ डोळे त्या सगळ्यांवरून फिरवले. ते कुजबुजत होते, हसत होते. तो मान तिरकी करून उभा होता. तसा तो फक्त कामावर उभा राहायचा.

"चला," वहिनी म्हणाल्या आणि त्याचा हात धरला. त्यानं काढून घेतला नाही.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली त्या सकाळी मी तिथंच होतो. त्यानं आधी खिडकी बघितली, मग बायकोला.

"म्हातारी झालीस."

"आणि तुम्ही काय नवरदेव? आरशात बघा, मग बोला."

घरात आला, घरच्याच ताटात जेवला. एक दिवस मला म्हणाला, "सळई मी खोलीतच टाकून आलोय. खाटही तिथंच आहे. घरात आणायची तर दोघांचं काम आहे." मी म्हटलं, आत्ताच करू. काम उद्यावर टाकणं मला जमत नाही.

वहिनी भर दुपारी दारात उभ्या. आम्ही आत गेलो. खाट उचलण्याआधी त्यानं सळई घेतली, टोक आपल्या बरगडीखाली लावलं, वाटी माझ्या कानाकडे केली. "घे. शेवटचं."

मी ऐकलं. ठोके होते. पोट होतं. बाकी काही नव्हतं. वरखाली करून बघितलं. शांत.

"गेला," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. मग, का कोण जाणे, सळईचं टोक खाटेच्या लोखंडी चौकटीवर टेकवलं आणि वाकला. आणि वाकलेलाच राहिला. मग वाटी माझ्याकडे दिली.

पाखडत होतं. तसंच, सावकाश, बंद दारामागं. रिकाम्या खाटेत.

मी खाट भिंतीपासून ओढली. आवाज राहिला. चारही पायांखाली पुठ्ठा घातला, तरी राहिला. विहीर कोरडी, मोटार नाही, नळ नाही, शेजारी कोणाचं घर नाही. सगळं तपासलं, जसं कामावर तपासलं असतं तसं. भिंतीला लावलं तर तिथं काही नाही. जमिनीला नाही. फक्त खाटेला.

"काय आहे?" वहिनींनी दारातून विचारलं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोन कान जुळले होते. नियमानं खोदायला हवं होतं. पण खोदायचं कुठं?

"जुनाच पट्टा," तो शेवटी म्हणाला.

वहिनींनी आणखी विचारलं नाही. "राहू दे खाट तिथंच," म्हणाल्या. "दुसरी आणू." आम्ही बाहेर आल्यावर त्यांनी स्वतः दार ओढलं आणि कडीला हात घातला.

"आत कोणी नाही म्हणाली ना ती पोरगी?" तो म्हणाला. "मग कडी कशाला?"

"येऊन गेलेला परत यायला नको," वहिनी म्हणाल्या.

कडी गंजलेली होती. दगडानं ठोकून बसवावी लागली. ते काम मी केलं.